गाडी कशानं बंद पडली

मुनवरने ट्रॅक्टरच्या हुकातली साखळी सोडवली आणि गाडीच्या मागच्या चाकाखाली दगड सरकवला. गॅरेजसमोर उतार नव्हता, गाडी कुठे जाणार नव्हती. तरी त्याने दुसऱ्या चाकालाही दगड लावला. मग तो चिंधीने हात पुसत राहिला. हात पुसून झाले की मान वर करून बब्रुवानकडे बघावं लागणार होतं.

बब्रुवान ट्रॅक्टरवरून सावकाश उतरला. दहाव्याला भादरलेल्या डोक्यावर पांढरे खुंट उगवू लागले होते आणि टोपी सैल झाली होती. तो गाडीच्या जवळ आला नाही. गॅरेजच्या दारात पडलेल्या जुन्या टायरवर बसला आणि गाडीच्या टपावर वाळून भेगाळलेला गाळ बघत राहिला.

"चालू करायची न्हाय," तो म्हणाला. "फकस्त बघा, कशानं बंद पडली ती."

येरमाळ्याच्या हायवेवर मुनवरचं गॅरेज होतं त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि त्यातली वीस वर्षं बब्रुवानचा ट्रॅक्टर त्याच्याकडेच येत होता. मुनवरने 'होईल' म्हटलं की बब्रुवान दुसरीकडे विचारत नसे. आताही तो दुसऱ्या कुणाकडे गेला नव्हता.

जे झालं होतं ते मुनवरला ठाऊक होतं, सगळ्या येरमाळ्याला ठाऊक होतं. तरी बब्रुवानने ते पहिल्यापासून सांगितलं आणि मुनवरने ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. सप्टेंबर संपता संपता चार दिवस पाऊस थांबला नव्हता. हायवेपासून वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक ओढा आहे, वर्षातले दहा महिने कोरडा. त्याच्यावर पूल नाही, नुसती सिमेंटची फरशी आहे. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला फरशीवरून पाणी वाहत होतं, पण फार नव्हतं. दुधाची जीप पलीकडे गेली. तिच्या मागून बब्रुवानच्या मुलाने, श्रीनाथने, आपली गाडी घातली. मधोमध आल्यावर गाडी थांबली. वाडीच्या बाजूला सात-आठ माणसं उभी होती, त्यांनी हाका मारल्या, हातवारे केले. श्रीनाथ उतरला नाही. आतच बसून राहिला. मग वरून लोंढा आला. गाडी दीड किलोमीटर खाली बाभळीत अडकलेली सापडली, दोन दिवसांनी. तो आतच होता. पंचवीस वर्षांचा, एकुलता एक.

"पंचनाम्यात लिवलंय," बब्रुवान म्हणाला. "चावी बंद हुती."

एवढ्या एका ओळीवरून वाडीने सगळं जुळवून टाकलं होतं. कारण त्या दिवशी सकाळी बापलेकांचं भांडण झालं होतं आणि ते चार घरांनी ऐकलं होतं. श्रीनाथ मार्चमध्ये पुण्यातली कंपनीतली नोकरी सोडून घरी आला होता. येताना त्याने ही जुनी गाडी आणली होती आणि दिवसभर तिच्याच मागे असायचा. मध्यंतरी त्याने तिच्यात काहीतरी नवीन बसवून घेतलं, तेव्हापासून तिचा आवाजही बदलला. ॲक्सिलेटर दाबला की दमेकऱ्याने श्वास ओढावा तशी ती घोरायची. त्या सकाळी बब्रुवानचा तोल गेला. काम नाही, धंदा नाही, दारात नुसता हा आवाज, असं तो बोलत गेला आणि शेवटी म्हणाला होता की हा आवाज पुन्हा माझ्या दारात आणू नको.

"आन त्यानं आणला न्हाय," बब्रुवान म्हणाला.

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"मुनवरभाई, मला एवढंच सांगा. गाडी बंद पडली, का त्यानं बंद केली? लोखंडाला कळतं का आसलं?"

"कळतं," मुनवर म्हणाला.  "इंजिन उघडावं लागंल, आबा. उद्या दुपारून या."

ट्रॅक्टर गेल्यावरही मुनवर बराच वेळ गाडीजवळ गेला नाही. मग त्याने बॉनेट वर केलं. सगळीकडे गाळ होता, पण त्या गाळातूनही ती नळी ओळखू येत होती. मनगटापेक्षा जाड, ॲल्युमिनियमची, इंजिनापासून निघून हेडलाइटच्या मागून खाली वळलेली. तिच्या टोकाला लाल शंकूसारखा फिल्टर होता. तो बंपरच्या आत, अगदी खाली, जमिनीपासून दीड वितीवर बसवलेला होता. तिथे तो मुनवरनेच बसवला होता.

मे महिन्यातली गोष्ट. श्रीनाथ एक खोका घेऊन आला होता. ऑनलाइन मागवलेला एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा ओढायचा वेगळा रस्ता. कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा आणि ही नळी बसवायची. हवा मोकळी मिळते, गाडी चपळ होते, आवाज भारदस्त येतो. श्रीनाथने व्हिडिओ पाहून सगळं पाठ केलं होतं. फिल्टर खाली बंपरमध्ये हवा, असा त्याचा आग्रह होता, कारण तिथे इंजिनाची धग लागत नाही, गार हवा मिळते. मुनवरने असलं काम आधी कधी केलं नव्हतं आणि त्याला ते आवडलं. आतलं प्लॅस्टिक कापून भोक पाडणं, नळीला पट्ट्यांनी आधार देणं, हवा मोजणारा सेन्सर जुन्या डब्यातून काढून नव्या नळीत अलगद बसवणं. श्रीनाथ शेजारी उकिडवा बसून पान्हे देत होता आणि चाचा, चाचा करत बोलत होता. काम संपल्यावर गाडी चालू केली तेव्हा तो लहान मुलासारखा हसला होता.

भोक पाडताना मुनवरच्या मनात पाण्याचा विचार आला होता. आला होता हे तो नाकारू शकत नव्हता. जुन्या डब्याचं तोंड हेडलाइटच्या वर होतं. पाणी तिथपर्यंत चढेस्तोवर माणूस आधी गाडी मागे घेतो. ही नळी बंपरएवढ्या पाण्यातच पाणी ओढणार. पण तेव्हा बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं, वाडीला टँकर चालू होता, आणि दारात एक ट्रकवाला स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून घाई करत उभा होता. पाण्यात घालू नको, एवढे तीन शब्द. ते तोंडावर आले आणि तिथेच राहिले.

दुपारी अन्वरी डबा घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा आणि दारातली गाडी तिने बघितली. डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने एक घास तोडला आणि हातात तसाच धरून तिला सगळं सांगितलं. नळीचं आणि न बोललेल्या तीन शब्दांचं.

ती घरात बोलायची तशी दखनीत हळू आवाजात म्हणाली, "किसकू मालूम है?"

कुणालाच नाही, हे मुनवरलाही पटलं. बब्रुवानला गाडीतलं काही कळत नव्हतं, आवाजाचं काम श्रीनाथने पुण्याला जाऊन केलं असेल असंच तो धरून चालला होता. अन्वरी पुढे बोलत राहिली. मुलगा काही परत येणार नाही. वाडीत सगळेच बब्रुवानसारखे नाहीत. लोक आधीच चिडलेले आहेत, आणि लोकांना निमित्त लागतं. आपलं नाव काय आहे ते विसरू नका, एवढंच ती शेवटी म्हणाली. डब्याचं झाकण तिने दोनदा लावलं आणि दोनदा काढलं.

ती गेल्यावर मुनवर माळ्यावर चढला. श्रीनाथने मे महिन्यात तिथेच ठेवून दिलेला जुना काळा डबा जाळ्यांखाली होता. मुनवरने तो खाली आणला, पुसला. नळी सोडवायला पंधरा मिनिटं लागली, डबा जागेवर बसायला त्याहून कमी. चार बोल्ट. पुराच्या पाण्याने बंद पडली म्हणायचं, आणि ते खोटंही नव्हतं. दोन बोल्ट आवळल्यावर तो मागे सरकून बघू लागला. गाळाने माखलेल्या इंजिनात तो डबा इतका स्वच्छ दिसत होता की आंधळ्यालाही कळलं असतं. मुनवर चाकाजवळ वाकला, आतल्या बाजूचा ओला गाळ त्याने मूठभर उचलला आणि डब्यावर थापला. दुसरी मूठ भरली. मग त्याचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. दोन दिवस श्रीनाथ ह्याच गाळात होता.

तो तसाच मूठ धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याने नळावर जाऊन हात धुतले, डबा काढला, नळी पुन्हा होती तशी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्याने इंजिनाला हात घातला. आत काय शोधायचं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. इंजिन बंद असताना आत पाणी शिरलं तर ते नुसतं साचून राहतं, गंज चढतो, बाकी काही होत नाही. पण इंजिन फिरत असताना पाणी ओढलं गेलं तर पिस्टन त्या पाण्यावर आपटतो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग पिस्टनला ढकलणारा लोखंडी रॉड वाकतो आणि इंजिन जागच्या जागी अडकतं. म्हणजे रॉड सरळ असेल तर श्रीनाथने स्वतः चावी बंद केली. वाकलेला असेल तर गाडी बंद पडली, आणि ती मुनवरच्या नळीमुळे पडली.

इंजिनाच्या वरच्या भागाचे, हेडचे, बोल्ट सैल करता करता त्याला वाटून गेलं, रॉड सरळ निघावा. हे मनात आल्याबरोबर त्याने पान्हा खाली ठेवला. बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. येडेश्वरीच्या दर्शनाला चाललेल्या बायकांनी भरलेली एक बस थांब्यावर थांबली, माणसं उतरली, चढली, बस गेली. पोराने मुद्दाम मरण घेतलं असावं, असं मागणं आपण मागितलं, हे त्याला कुणाला सांगताही आलं नसतं. पाच वेळची नमाज तो चुकवत नसे. त्या दिवशी दुपारी तो मशिदीकडे गेला नाही.

अकरा वाजता हेड उतरलं. इंजिन हाताने फिरवल्यावर तीन पिस्टन सारख्या उंचीला येत होते. चौथा नखभर खालीच राहत होता. खालचं तेलाचं चेंबर सोडून त्याने तो पिस्टन रॉडसकट बाहेर काढला, रॉकेलने धुतला आणि कपड्यावर ठेवला. रॉड कमरेत वाकलेला होता, ओझ्याखाली माणूस वाकतो तसा. शेजारी त्याने दुसरा, सरळ रॉड काढून ठेवला. मग दोन्हीकडे बघत बसून राहिला.

बब्रुवान सांगितल्यापेक्षा आधीच आला, मोटरसायकलवर. तो टायरवर बसला नाही. मुनवरने दोन्ही रॉड त्याच्यापुढे धरले आणि समजावून सांगितलं. इंजिन चालू होतं. चालू असतानाच पाणी ओढलं गेलं. इंजिन अडकल्यावर माणूस काय करतो, चावी मागे घेतो आणि पुन्हा मारतो, पुन्हा मागे घेतो. चावी बंद सापडली ती त्यामुळे. तो आत बसून राहिला तो गाडी चालू करण्यासाठी.

"म्हंजी त्यानं बंद न्हवती केली."

"न्हाय, आबा."

"तो घरीच यायला निघाला हुता."

"व्हय."

बब्रुवानने वाकलेला रॉड दोन्ही हातांत घेतला.  मग त्याने रॉड कपड्यावर ठेवला आणि मुनवरचे तेलकट हात आपल्या हातांत धरले, ते कपाळाला लावले. मुनवरने हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण म्हाताऱ्याने सोडले नाहीत. तेरा दिवसांत पहिल्यांदा घसा मोकळा झाल्यासारखा तो रडला. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, असं काहीतरी तो म्हणत होता.

पुढचं वाक्य तेव्हाच बोलायला हवं होतं. मुनवरला ते कळत होतं. पण त्या माणसाच्या तोंडावर जे आलं होतं ते त्याच्या हातून पुसवेना. का स्वतःसाठीच तो गप्प राहिला, हे त्याचं त्यालाही धड कळलं नाही.

बब्रुवानने डोळे पुसले आणि म्हणाला, "माझ्यासंग चला. तिला सांगा. माझं ती ऐकत न्हाय, तुमचं ऐकंल."

दोन्ही रॉड कपड्यात गुंडाळून मुनवर त्याच्या मागे मोटरसायकलवर बसला. सात किलोमीटरचा रस्ता. दोन्हीकडे आडवं पडलेलं सोयाबीन काळं पडून कुजत होतं, त्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. ओढ्याच्या फरशीवर आता घोटाभर पाणी होतं. बब्रुवानने वेग कमी केला नाही. पलीकडे जाईपर्यंत मुनवरने डोळे मिटून घेतले.

श्रीनाथची आई म्हाळसाबाई अंगणात ताडपत्रीवर बसली होती. पाण्यातून वाचलेलं सोयाबीन वाळत घातलं होतं आणि ती तळव्याने ते उलटंपालटं करत होती. बुरशी आलेले दाणे वेचून वेगळे टाकत होती. मुनवरला बघून तिने पदर सावरला, बसायला पोतं पुढे केलं, उठून आत गेली आणि चहा आणून ठेवला. मग पुन्हा आपल्या जागी बसली.

बब्रुवाननेच सांगायला सुरुवात केली. घाईघाईने, शब्द मागेपुढे होत. ती नवऱ्याकडे न बघता दाणे हलवत राहिली. तो थांबल्यावर मुनवरने कपडा सोडला. तिने एका हातात सरळ रॉड घेतला, दुसऱ्या हातात वाकलेला, आणि वजन करावं तसे दोन्ही थोडा वेळ धरले.

"एवढं लोखंड वाकतं पाण्यानं?"

"वाकतं, मावशी. हवा दबती, पाणी दबत न्हाय."

"आन पाणी आत गेलं कुठनं?"

पूर होता, गेलं असेल कुठूनही, असं बब्रुवान म्हणाला. म्हाळसाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मुनवरकडे बघत होती. रागाने नाही, संशयानेही नाही. डॉक्टर बोलेपर्यंत माणसं त्याच्या तोंडाकडे बघत बसतात तशी.

"दुधाची जीप गेली म्हनत्यात त्याच्या म्होरं," ती म्हणाली. "ती गेली. मग हीच का अडकली?"

मुनवरने हातातला कप खाली ठेवला आणि सांगितलं. मे महिन्यात श्रीनाथ खोका घेऊन आला तिथपासून सांगितलं. भोक आपण पाडलं, नळी आपण लावली, ती जमिनीपासून दीड वितीवर होती. जुना डबा असता तर त्या दिवशीच्या पाण्यात गाडी पार गेली असती. 'कदाचित' हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता, तो त्याने गिळला. काल दुपारी डबा परत लावून बघितला होता, तेही सांगितलं. गाळाच्या मुठीचंही सांगितलं. बोलताना तो ताडपत्रीच्या कडेकडे बघत होता.

बब्रुवान उभा राहिला. दोन पावलं पुढे आला, तिथेच थांबला, मग भिंतीजवळ गेला आणि भिंतीला हात टेकून पाठमोरा उभा राहिला. थोड्या वेळापूर्वी त्याने ज्या हातांना कपाळ लावलं होतं, ते हात मुनवरने मांडीखाली घेतले होते.

म्हाळसाबाई म्हणाली, "मला म्हाईत हुतं."

बब्रुवानने मान वळवली.

"तुमीच बसवलं ते मला म्हाईत हुतं. त्या दिवशी घरी आला तवा सांगत बसला हुता चुलीम्होरं. म्हनला, चाचा म्हनत हुते वरच बसवू, म्या हट्टानं खाली बसवून घेतलं." तिने वाकलेला रॉड मांडीवर ठेवला. "म्हंजी तुमी नगं म्हनला हुता त्याला. त्यानंच ऐकलं न्हाय. तसंच ना?"

मुनवरने वर पाहिलं. बब्रुवानही त्याच्याकडे बघत होता, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पुन्हा काहीतरी हललं होतं. हे असं असेल तर सगळ्यांनाच जगता येईल, असं काहीतरी. एक 'व्हय' पुरलं असतं. आणि मुनवर तसं म्हणाला होताच. वरच बसवू, असं तो श्रीनाथला खरोखर म्हणाला होता.

"म्हनलो हुतो," तो म्हणाला. "पर पाण्यासाठी न्हवतो म्हनलो, मावशी. खालचं काम लांबतं, दारात ट्रक उभा हुता, म्हनून म्हनलो हुतो. पाण्याचं ध्यानात आलं हुतं माझ्या. म्या बोललो न्हाय."

 शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. म्हाळसाबाईने सरळ रॉड खाली ठेवला आणि मोकळ्या हाताने पुन्हा दाणे पसरू लागली. वाकलेला रॉड तिच्या मांडीवर तसाच होता. पसरलेले दाणे ती पुन्हा गोळा करत होती आणि पुन्हा पसरत होती. वेचणं थांबलं होतं. बब्रुवान भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसला.

दाणे पसरता पसरता ती म्हणाली, "ह्यांना आज झोप लागंल."

मुनवर वाट बघत राहिला. त्याला वाटलं, ती शिव्या देईल, वाडीला हाक मारेल, त्याने तेही सोसलं असतं; मनात तो तेच मागत होता.  पण तिने त्याच्यासमोरचा कप उचलला. चहावर साय धरली होती. तो तिने अंगणाच्या कडेला ओतला आणि कप हातात धरून उभी राहिली.

"या आता," ती म्हणाली.

मुनवर उठला. सरळ रॉड त्याने कपड्यात गुंडाळला. दुसरा मागायचं त्याला सुचलं नाही. बब्रुवान बसल्या जागेवरून हलला नाही आणि मोटरसायकलवरून सोडायचं कुणी काढलं नाही. वाडीतून बाहेर पडताना पारावर बसलेल्या दोघांनी त्याला रामराम केला. उद्या हे रामराम करतील का, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो तसाच पुढे चालत राहिला.

ओढ्यापाशी पोहोचला तेव्हा ऊन कललं होतं. फरशीवरून घोटाभर पाणी जात होतं, इतकं नितळ की खालचं सिमेंट दिसत होतं. त्याने चपला काढून हातात घेतल्या. तेवढ्यात मागून एक गाडी आली. पाहुण्यांची असावी, आत दोन बायका आणि मागच्या सीटवर लहान मुलं होती. मुनवर रस्त्याच्या मधोमध आला आणि त्याने हात वर केला.

गाडी थांबली. चालवणाऱ्याने काच खाली केली.

"काय झालं, चाचा?"

"पाणी आहे."

"घोट्याएवढंच आहे की. दिसतंय ना."

"असू द्या," मुनवर म्हणाला. "म्या म्होरं चालतो. माझ्या मागनं हळू या."

त्या माणसाने शेजारच्या बाईकडे बघून खांदे उडवले, पण गाडी पुढे घेतली नाही. मुनवर पाण्यात उतरला. तळपायाने फरशी चाचपत, एकेक पाऊल टाकत तो पुढे निघाला आणि गाडी त्याच्या मागून रांगत येऊ लागली. मधोमध आल्यावर तो थांबला. गाडीही थांबली. मागच्या सीटवरचं एक मूल काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत होतं. इंजिन चालू होतं. पाठमोरा उभा राहून तो ते ऐकत राहिला, आणि मग पुढे चालू लागला.